गच्चीवरची टिटवी

करुणा हिवराळेला उघड्या रानाची मनापासून नावड होती आणि ती हे लपवतही नसे. उन्हात गेलं की तिचं डोकं ठणकायचं, धूळ उडाली की शिंका सुरू व्हायच्या आणि जवळपास काहीही फडफडलं, मग ते कबूतर असो की उडणारं झुरळ, की बाई आधी मागं सरायच्या आणि मग काय आहे ते बघायच्या. गारखेड्यात ती लहानाची मोठी झाली. ती जन्मली तेव्हा घरामागं ज्वारी डोलायची असं आई सांगायची, पण तिला कळायला लागलं तोवर तिथं कॉलन्या उभ्या राहिल्या होत्या. झाड म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं गेटपाशी उभा असलेला अशोक यायचा आणि पक्षी म्हटलं की बाल्कनी घाण करणारी कबुतरं.

आणि ही बाई विज्ञान शिकवायची.

शिकवायची मात्र झकास. रंगीत खडूंनी जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद असा काढायची की पुढच्या तासाचे गणिताचे सर फळा पुसायला कचरायचे. विज्ञानाचं हे वेड तिला बापाकडून आलेलं. सांडू हिवराळे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. सगळी उमर चळवळीत गेली. घरात देव नव्हते, पण एक प्रश्न मात्र देवासारखा पुजला जायचा. कोणी काही सांगितलं की सांडू चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कशावरून?" शेजारीण म्हणाली की मांजर आडवं गेलं, की "कशावरून?" मुलगी म्हणाली की मी अभ्यास केला, तरी "कशावरून?" आई सत्यभामा तर वैतागून म्हणायची, "भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी हा माणूस पुरावा मागतो."

करुणाची शाळा चिकलठाण्याच्या पुढं, जालना रस्ता सोडून आत वळलं की लागायची. दुमजली इमारत, पुढं मैदान आणि चहूबाजूंनी प्लॉट. चारपाच वर्षांमागं ती शेतंच होती. आता चुना फासलेले दगड रोवून त्यांचे तुकडे पाडलेले आणि जागोजागी वसाहतींची नावं मिरवणारे फलक उभे. वसाहती मात्र फलकावरच होत्या. लागोपाठ दुष्काळ पडला होता, त्यात दोन हजार सोळाचा उन्हाळा तर सगळ्यांवर कडी करणारा. लातूरला रेल्वेनं पाणी न्यायच्या बातम्या तेव्हाच्याच. बांधकामाला पाणी मिळेना, म्हणून घरं थांबलेली. शेतीही गेली होती आणि शहर अजून पोचलं नव्हतं. मधल्या त्या रिकाम्या जागेत वाळलं गवत, मुरुमाचे ढीग आणि कोणाकोणाची मेंढरं एवढंच काय ते.

होळीच्या सुमाराला हेडसरांनी करुणाला बोलावून घेतलं.

"मॅडम, लॅबला कुलूप लावतोय. परीक्षानळ्या धुवायला पाणी आणू कुठून? पोरांना प्यायला पुरंना."

"मग प्रात्यक्षिकं कुठं घ्यायची, सर?"

"बाहेर घ्या की. एवढं रान पडलंय!"

हेडसरांनी हात असा फिरवला की जणू सगळा मराठवाडाच त्यांनी प्रयोगशाळेसाठी बांधून ठेवला होता. करुणानं दोनचार दिवस टाळाटाळ केली. आज ऊन जास्त आहे, उद्या वारं आहे. शेवटी नववीच्या पोरांनीच तगादा लावला तेव्हा एका सकाळी तोंडाला रुमाल, डोक्यावर पदर आणि हातात पुस्तक घेऊन ती वर्गासह बाहेर पडली. धडा होता 'अधिवास'.

पहिल्या तासाची अशी काही फजिती झाली की विचारू नका. निम्मी पोरं बाभळीच्या शेंगा पाडायला पळाली. दोघं कुत्र्यामागं गेले. उरलेल्यांना ती "सजीवाच्या राहण्याच्या जागेस..." असं वाचून दाखवत होती, तोच डोक्यावरून कर्कश ओरडा आला. टिटिव-टिव, टिटिव-टिव! वर बघते तो एक पक्षी थेट तिच्या डोक्यावर झेपावत आलेला. करुणानं पुस्तक टाकलं आणि साडीचा घोळ मुठीत धरून धूम ठोकली. पक्षी मागं लागला. चपलेचा अंगठा तुटला. पोरं पोटं धरधरून हसायला लागली.

"मॅडम, टिटवी हाय ती! काय नाय करत!" दिपाली ओरडली. दिपाली मेंढपाळाच्या घरची, वर्गात सगळ्यात उंच आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची.

"मग माझ्या मागं का लागलीय?"

"अंडी असतील तिची. तिकडं जाऊ नका म्हणती."

करुणा धापा टाकत थांबली. अंगठा तुटलेली चप्पल हातात, पदर खांद्यावरून ओघळलेला. चिडायचं की हसायचं हे ठरेना. पण तेवढ्यात एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ती डावीकडं सरकली की टिटवी गप्प व्हायची आणि उजवीकडं पाऊल टाकलं की आकाश फाडायची. ती एक पाऊल उजवीकडं गेली. ओरडा. आणखी एक. मोठा ओरडा. मागं आली, की शांतता.

"पोरांनो," ती हळूच म्हणाली, "इकडं या. गडबड नको. ही आपल्याला अंड्यांची जागा सांगतीय बघा. तिला सांगायचं नाही, पण सांगतीय."

वर्ग गोळा झाला. टिटवीच्या ओरडण्यावरून अंदाज घेत, सावकाश, डोळे जमिनीला लावून सगळे पुढं सरकले. कोणालाच काही दिसेना. मुरूम, खडे, वाळलं शेण. करुणानं पाऊल उचललं आणि टेकवणार तोच एक खडा तिला जरा जास्तच गोल वाटला. पाय तसाच अधांतरी राहिला. पायाखाली चार अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत करून फुलीसारखी मांडलेली. घरटं असं काही नव्हतंच, नुसता खळगा आणि भोवती खडे.

एका पायावर उभी राहून करुणा ती अंडी बघत राहिली. अधिवास हा शब्द तिनं निदान पाच वर्षं शिकवला होता. त्या सकाळी तो तिला पहिल्यांदा दिसला.

तिथून वर्गाला टिटव्यांचं खूळ लागलं. रोज सकाळचा पहिला तास बाहेर. लांबूनच बघायचं, जवळ जायचं नाही हा नियम पोरांनीच केला. बाईंचं डोकं अजून ठणकायचं आणि शिंकाही यायच्या, पण आता त्या शिंका दाबून धरायच्या, टिटवी बिचकू नये म्हणून.

भर मार्चातच उन्हं चटके द्यायला लागली होती. एक दिवस सम्यक नावाचा मुलगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नसे, तो म्हणाला, "मॅडम, ती पाणी पीत नाही."

"कोण?"

"टिटवी. टँकर येतो ना, त्याच्या नळीखाली डबकं होतं. ती तिथं येती, पण पीत नाही. नुसती बसती चिखलात. मग उठून अंड्यांवर जाती."

"कशावरून पीत नाही?" बापाचा प्रश्न तिच्या तोंडून आपसूक निघाला.

"मी बघितलंय."

मग सगळ्यांनी बघितलं. टँकर येऊन गेला की टिटवी ठुमकत यायची, डबक्यात पोट टेकून बसायची, पिसं हलवून हलवून भिजवायची आणि ठिबकत्या पोटानं अंड्यांवर जाऊन बसायची. अंडी उबवायला बसतात एवढं पुस्तकात होतं. इथं ती अंडी थंड करायला बसत होती. करुणा धावतच हेडसरांकडं गेली.

"सर, लॅबची किल्ली द्या. थर्मामीटर पाहिजे."

"कशाला?"

"टिटवीच्या अंड्यांजवळचं तापमान बघायचंय."

हेडसरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "ताप आलाय का तिला?"

पण किल्ली दिली. टिटवी डबक्यावर गेली की पळत जाऊन थर्मामीटर ठेवायचा आणि ती परतायच्या आत मागं व्हायचं, नियमाला एवढीच सूट देऊन हे काम सम्यकनं अंगावर घेतलं. उघड्यावरचा मुरूम हात पोळेल इतका तापलेला असे आणि अंड्यांलगतचा खडा मात्र ओलसर, गार. पारा खाली आलेला बघून पोरांनी अशी आरोळी ठोकली की टिटवी पुन्हा सगळ्यांच्या डोक्यावर आली. दुसऱ्या दिवसापासून पोरं घरी जाताना बाटलीत उरलेलं घोट घोट पाणी त्या डबक्यात रिकामं करायला लागली. त्या उन्हाळ्यात पाणी सांडणं म्हणजे पापच. पण कोणी कोणाला हटकलं नाही.

एक दिवस दिपाली घरून गंभीर चेहरा करून आली.

"मॅडम, आज्ज्यानं इचारलंय, अंडी वरच्या अंगाला हायेत का खालच्या?"

"का बरं?"

"टिटवीनं उंचावर घातली तर पाऊस लई. खाली घातली तर नाय. आपल्या टिटवीनं तर सखल जागी घातल्यात." तिचा मोठा आवाज एकदम खाली आला. "आज्जा म्हन्ला, म्हंजी औंदा बी काय नाय."

वर्गातल्या निम्म्या पोरांनी हे घरी ऐकलेलं होतं. सगळ्यांचे चेहरे उतरले. करुणाला आधी हसू येणार होतं, पण ते चेहरे बघून ती थांबली. यांच्या घरी मेंढरं विकली जात होती, विहिरींनी तळ गाठला होता. थट्टेची ही वेळ नव्हती.

"बरं," ती म्हणाली, "मग एकाच टिटवीला का विचारायचं? आणखी शोधू."

प्लॉटांमधून, नाल्याकाठानं, विमानतळाच्या भिंतीच्या अलीकडनं पोरांनी शोध घेतला. एका टिटवीनं मुरुमाच्या उंच ढिगावर अंडी घातली होती, दुसरीनं चक्क कोरड्या नाल्याच्या पात्रात. आता आली का पंचाईत! दिपालीनं हा निकाल घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी तिचा आजोबाच शाळेत हजर झाला. केरबा त्यांचं नाव. लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, मागं मेंढरं. मैदानात मेंढरं शिरलेली बघून शाळेचा शिपाई कडुबा काठी घेऊन धावला, पण केरबांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

"मास्तरीणबाई तुमीच का?"

"हो, आजोबा. बसा."

"बसत नाय. पोरगी म्हन्ती, टिटवी खोटी हाय म्हून शाळेत शिकिवत्यात. व्हय का?"

"खोटी नाही म्हटलं. पण एक वर बसलीय, एक खाली बसलीय. दोघींतलं खरं कोणाचं धरायचं?"

केरबांनी घोंगडी सावरली, नाल्याकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं. 

"वरची घरमालकीण हाय," ते शेवटी म्हणाले. "खालची भाडेकरू. भाडेकरूचं काय मनावर घ्यायचं?"

सगळं मैदान खदखदलं. करुणाही हसली आणि केरबाही. मग त्यांनी बसत नाय म्हणत म्हणत मैदानाच्या कडेच्या पिंपळाखाली चांगली बैठक मारली आणि पोरांना टिटवीच्या गोष्टी सांगितल्या. टिटवी पाय वर करून झोपती, कारण आभाळ पडलं तर झेलायला पायजे. टिटवीकडं परीस असतो, त्याशिवाय तिची अंडी फुटतच नाहीत. पोरांनी एकेका गोष्टीवर विचारलं, "कशावरून, आज्जा?" आणि केरबांनी प्रत्येक वेळी न अडखळता सांगितलं, "माज्या आज्ज्यानं सांगितलं." शेवटी त्यांनाच कुतूहल वाटलं. "पाय वर करून झोपती का ते बगा बरं पोरहो. म्या कदी बगितलं नाय."

एप्रिलमध्ये परीक्षा सुरू झाल्या आणि त्याच सुमाराला एका प्लॉटवाल्याला रस्ते करून घ्यायची घाई झाली. सकाळी जेसीबी आला. पोरांनी धावत जाऊन तो अडवला. चालवणारा माणूस शहरातला, टोपी उलटी घातलेला.

"क्या हुआ रे? हटो ना!"

"भैया, उधर अंडे है टिटवी के."

"अंडे है? फिर पैले कायकू नै बोले?" त्यानं मशीन बंद केलं, उतरून अंडी बघितली, भोवती चार दगड मांडले आणि दिवसभर त्या जागेला वळसा घालून काम केलं. जाताना करुणाला म्हणाला, "मॅडम, मेरे घर में बी मुर्गी बैठी है."

दुसऱ्या दिवशी मशीनवर दुसराच माणूस होता आणि तो शाळा भरायच्या आधी येऊन गेला होता. दगड, खळगा, अंडी, काहीच राहिलं नव्हतं. सपाट, रोलर फिरवलेला रस्ता. टिटवीची जोडी त्या रस्त्यावर इकडून तिकडं फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती.

पोरं रडली. सम्यक पेपर सोडवतानाही बोटानं बाकावर नुसत्या रेघा ओढत बसला.  त्या दिवशी करुणा घरी जाऊन न जेवता झोपली.

सुट्टी लागली. मेच्या मध्यावर करुणाला फोन आला. कडुबाचा. कडुबा कधी फोन करत नसे, त्यामुळं तिला वाटलं शाळेत चोरी झाली.

"मॅडम, ताबडतोब या."

"काय झालं, कडुबा?"

"गच्चीवर टाकी बघायला गेलतो. टिटवी हाय. अंडी घातल्यात. गच्चीवर!"

वरचा मजला चढवायचा म्हणून कधीकाळी गच्चीवर खडी नेऊन पसरली होती. मजला काही चढला नाही, खडी तशीच राहिली. खाली रस्ते झाले, मशिनं फिरायला लागली आणि टिटवीनं मुक्काम वर हलवला. करुणाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. उघडी जागा, बारीक खडी, माणसाची ये-जा नाही, वर टाकीच्या ठिबकत्या नळापाशी ओल. टिटवीला आणखी काय हवं?

पण गाव वेगळाच हिशेब करत होतं. दुमजली इमारतीच्या माथ्यावर! एवढ्या उंच टिटवी बसलेली कोणाच्या आज्ज्याच्या आज्ज्यानंही बघितली नव्हती. आठवडाभरात शाळेपुढं माणसं यायला लागली. मान वर करून बघायची, हात जोडायची. कोणी पायरीवर नारळ ठेवून गेलं. केरबा मेंढरांसकट आले आणि घरमालकिणीनं आता माडी बांधली म्हणून खुश झाले. हेडसरांनी नवा शर्ट घातला. करुणा प्रत्येकाला समजावत राहिली, "अहो, खाली जागा राहिली नाही म्हणून ती वर आली. पावसाचा काही संबंध नाही." लोक "व्हय व्हय" म्हणायचे आणि पुन्हा हात जोडायचे. एका म्हातारीनं तर तिच्याच पायाला हात लावला. टिटवीच्या मॅडम म्हणून.

घरी आल्यावर तिनं बापाला हे सांगितलं. सांडू पोट धरून हसले.

"हसताय काय, बाबा? उद्या पाऊस नाही आला तर ही पोरं तोंडघशी पडतील. आणि आला तर मी पडेन."

"मग तू काय करणार?"

"काय करणार? जे दिसतं ते बघत राहणार."

"हां," सांडू म्हणाले. "मग बघ की."

वर्ग सुट्टीतही रोज यायला लागला. जिन्याच्या दाराच्या फटीतून आळीपाळीनं बघायचं. आणि शाळा उघडायच्या तोंडावर अंडी फुटली. चिमूटभर पिल्लं, पाय मात्र लांब. जन्मल्या जन्मल्या पळायलाच लागली. टिटवा आणि टिटवी खाली मैदानात उतरून हाका मारायला लागले. पिल्लं हाकेसरशी कठड्यापर्यंत धावायची आणि कठड्याला धडकून परत फिरायची. कठडा गुडघ्याएवढा, पिल्लं अंगठ्याएवढी.

"आईबाप त्यांना वर खाऊ आणून देतील ना, मॅडम?" दिपालीनं विचारलं.

करुणाला ठाऊक नव्हतं. तिनं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं. टिटवीची पिल्लं भरवली जात नाहीत. ती स्वतःच किडे टिपून खातात, आईबाप फक्त राखण करतात. तापल्या गच्चीवर त्यांना खायला काही नाही. आज खाली आली नाहीत तर गेलीच. आईबापांच्या नजरेसमोर उतरवा, म्हणजे ते सोडून जाणार नाहीत.

"कोण धरणार पिल्लं?" तिनं वर्गाकडं बघून विचारलं.

वर्गानं तिच्याकडं बघितलं. नियम पोरांचाच होता, जवळ जायचं नाही. आता मोडायचा तर बाईंनी मोडायचा, असं त्यांचं एकमतानं ठरलेलं दिसलं.

करुणानं स्कूटीचं हेल्मेट डोक्यात घातलं, पदर खोचला आणि जिन्याचं दार उघडलं. मागोमाग सम्यक टोपली आणि दोर घेऊन. दार उघडताच टिटवी खालून बाणासारखी वर आली. टिटिव-टिव! तिच्या ओरड्याबरोबर पिल्लं होती तिथं खडीला चिकटली आणि दिसेनाशी झाली. अक्षरशः दिसेनाशी. करुणा गुडघ्यांवर बसली. खडी पोळत होती. वरून टिटवी सपासप येत होती, हेल्मेटवर पंखांचा फटका बसत होता आणि एकदा तर तिनं मॅडमच्या खांद्यावर नेम धरून पांढरा प्रसादही टाकला. जिन्याच्या दारातून पोरं हात डोक्यावर धरून ओरडत होती, "मॅडम, डावीकडं! तुमच्या गुडघ्यापाशी!"

गुडघ्यापाशी एक खडा तिच्याकडं बघत होता. तिनं श्वास रोखला, डोळे जवळजवळ मिटले आणि दोन्ही हातांची ओंजळ त्याच्यावर ठेवली. ओंजळीत काहीतरी गरम, हलकं धडधडत होतं. करुणा तिथंच बसून राहिली.

"मॅडम?" सम्यक म्हणाला. "रडताय का?"

"घाम आहे. टोपली आण."

एक-एक करून चारही पिल्लं टोपलीत आली. सम्यकनं टोपली दोरानं हळूहळू खाली सोडली, टिटवी तिच्याभोवती घिरट्या घालत खालपर्यंत सोबत गेली. खाली दिपालीनं टोपली धरली आणि नाल्याकाठच्या गवतापाशी नेऊन आडवी केली. सगळे लांब झाले. बराच वेळ काही घडलं नाही. मग टिटवीनं एक वेगळीच हाक दिली, बारीक, मऊ, आणि टोपलीतून चार लांब पायांचे ठिपके निघून तिच्या पोटाखाली शिरले. शेवटी टिटवी उभी होती आणि तिच्या पोटाखालून नुसते पायच पाय दिसत होते. कडुबानं टाळी वाजवली. हेडसरांनी सगळ्यांना चिवडा दिला.

आणि पाऊस? पाऊस आला. सप्टेंबराच्या शेवटाला असा आला की नाल्याला पूर गेला, शाळेला सुट्टी द्यावी लागली आणि गच्चीवरच्या त्याच खडीखालून पाणी झिरपून हेडसरांच्या टेबलावर ठिबकायला लागलं. लोक पेढे घेऊन आले. केरबांनी करुणाला घोंगडी पांघरली. ती फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत राहिली, 'एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही', आणि वर्ग पेढे खात खात ते उतरवून घेत राहिला. दिपाली म्हणाली, "मॅडम, बरोबर हाय तुमचं. पन पेढा तरी घ्या."

पुढच्या वर्षापासून वर्गाच्या मागच्या भिंतीवर ऑइल पेंटनं नोंद व्हायला लागली. टिटवी कुठं बसली आणि पाऊस किती झाला. नवी नववी आली की नोंद पुढं चालू. दोन हजार अठराला टिटवी पुन्हा गच्चीवर बसली, गाव पुन्हा खुश झालं आणि त्या वर्षी पावसानं सगळ्यांना साफ फसवलं. करुणानं भिंतीवर ते लिहिलं तेव्हा तिला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. केरबा भेटले तेव्हा तिला वाटलं ते गप्प असतील. पण म्हाताऱ्यानं मान हलवून सांगितलं, "तिला बी शहराचं पाणी लागलं, मास्तरीणबाई. माडीवर ऱ्हायला गेली की मानूस बी थापा मारतंय, मग पाखराचं काय."

प्लॉटांवर हळूहळू घरं झाली. टिटव्या आणखी लांब सरकल्या. करुणा आता वर्गाला एसटीनं बाहेर नेते, कधी टेकडीवर, कधी तलावाकाठी. शिंका तिला अजूनही येतात. कबुतरं तिला अजूनही आवडत नाहीत. दिपाली शेतकी कॉलेजात गेली आणि तिच्या आवाजाची तक्रार तिथूनही येते.

मध्यंतरी करुणाला शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलायला पाचोडला बोलावलं होतं. विषय होता, वर्गाबाहेरचं विज्ञान. हॉलमध्ये पंख्याखाली इस्त्रीच्या कपड्यांतले पन्नासेक गुरुजी बसलेले. करुणानं माईक हातात घेतला आणि सगळ्यांना बाहेर चला म्हणाली. कुरकुर झाली. "मॅडम, ऊन आहे." "मला माहीत आहे," करुणा म्हणाली आणि शिंकली.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. बैल बाजाराच्या कडेला तिनं सगळ्यांना शेणाच्या एका पोहापाशी उभं केलं. दोन शेणकिडे एका गोळीवरून भांडत होते. एक ढकलायचा, दुसरा वर चढून त्याला पाडायचा. आधी गुरुजी नाकाला रुमाल लावून बघत होते. मग पुढचे खाली बसले. मग मागच्यांना दिसेना म्हणून तेही सरकले. एक रिटायर व्हायला आलेले इतिहासाचे सर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हा बारका जिंकतो बघा." "कशावरून?" शेजारच्या बाईंनी विचारलं. "त्याचे मागचे पाय बघा की!" तेवढ्यात मोठ्यानं बारक्याला उलथा केला आणि गुरुजी मंडळी कुस्तीच्या फडात ओरडतात तशी ओरडली. बाजारातली माणसं जमली. बैलवाले दावी हातात धरून वाकून बघायला लागले. एकानं विचारलं, "काय सापडलं?" त्यालाच कोणीतरी ओढून खाली बसवलं. बारका उठला होता.

हॉलमधून संयोजकांनी दोनदा आवाज दिला की चहा झालाय. मग ते स्वतःच बोलवायला आले आणि गर्दीत वाकून बघता बघता तिथंच बसले.